शिवीचे लिंग आणि भाषांतराचा पेच

पोर्तुगीज भाषेतील ‘फिल्यु द पुता’ ही शिवी इंग्रजीत नेताना बहुतेक भाषांतरकार ‘सन ऑफ अ बिच’ असे लिहितात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. वरवर पाहता व्यवहार चोख आहे. दोन्हीकडे मुलगा आहे, दोन्हीकडे त्याची आई आहे आणि रागाचा पाराही साधारण सारखाच आहे. परंतु मूळ शिवीत ती आई वेश्या होती, इंग्रजीत पोहोचेपर्यंत तिची कुत्री झाली. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत ‘होअरसन’ हा नेमका शब्द होता. आज तो जुन्या नाटकांच्या टीपांपुरता उरला आहे. मराठी वाचकाला मात्र ही पोर्तुगीज शिवी समजावून सांगावी लागत नाही, कारण ‘रांडेच्या’ हा शब्द त्याच्या कानावरून अनेकदा गेलेला असतो. गंमत अशी की मराठीला येथे ‘मुलगा’ या शब्दाचीही गरज भासत नाही. षष्ठीचा ‘चा’ हा प्रत्यय ज्याची मालकी सांगायची त्याचे लिंग घेतो. त्याचे संबोधनातले पुल्लिंगी रूप झाले की समोरचा पुरुष आपोआप उभा राहतो. शिवी त्याला बसते, आणि तिचा आरोप मात्र तेथे हजर नसलेल्या एका स्त्रीवर असतो.

शिव्यांच्या भाषांतराचा विचार करताना शब्द किती ओंगळ आहे हे बहुधा आधी पाहिले जाते. त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न, आरोप कोणावर आहे आणि भाषांतरानंतरही तो तिच्यावरच राहतो का, हा आहे. प्रस्तुत लेखात काही असभ्य शब्द जसेच्या तसे छापले आहेत. फुल्यांच्या अर्थाची चर्चा करता येत नाही, एवढेच त्याचे कारण.

पोर्तुगीजमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते आणि विशेषण त्याच्या मागोमाग बदलते. मराठीला हे परके नाही. मराठीत तर तिसरे नपुंसकलिंगही आहे. इंग्रजीतील नामांना असे व्याकरणिक लिंग नाही, आणि अडचण नेमकी येथे सुरू होते. ‘वादियु’ म्हणजे रिकामटेकडा, काम न करता गावभर हिंडणारा पुरुष. त्याच शब्दाचा शेवटचा स्वर बदलून ‘वादिया’ केले की अर्थ होतो चारित्र्यहीन स्त्री. हिंडण्याची क्रिया एकच; तिच्याबद्दल पुरुषाला आळशी ठरवले जाते आणि स्त्रीला बदफैली. इंग्रजी भाषांतरकाराने दोन्ही ठिकाणी ‘आळशी’ या अर्थाचा एकच शब्द योजला तर स्त्रीवरील आरोप नाहीसा होतो. दोन वेगळे शब्द योजले तर आरोप राहतो, परंतु मुळात तो एकच शब्द होता ही खरी बोचणारी गोष्ट वाचकाला कधीच कळत नाही. मराठीत हे ओझे सहज उचलले जाते. ‘भटक्या’ म्हटले तर कानाला फारसे खटकत नाही, ‘उनाड’ म्हणताना तर आवाजात थोडे कौतुकही असते. ‘उंडगी’ आणि ‘भटकभवानी’ यांत मात्र कौतुकाचा लवलेश नसतो. पोर्तुगीज शिवी मराठीत इतक्या सुखाने नांदते, याचे कारण दोन्ही समाजांनी स्त्रीच्या घराबाहेर पडण्याकडे एकाच नजरेने पाहिले होते, हे आहे.

असेच दुसरे जोडपे ‘ओमें पूब्लिकु’ आणि ‘मुल्येर पूब्लिका’ यांचे. पहिल्याचा अर्थ सार्वजनिक जीवनातील पुरुष, राजकारणी, लोकनेता. दुसरीचा अर्थ वेश्या. पुण्याच्या गणेश वासुदेव जोशींना महाराष्ट्राने ‘सार्वजनिक काका’ ही आदराची पदवी दिली. तेच विशेषण एखाद्या स्त्रीच्या नावाआधी लावून पाहावे म्हणजे शब्दकोशाची मदत न घेता मुद्दा ध्यानात येईल. इंग्रजीतही ‘पब्लिक विमन’ या शब्दांचा एकेकाळी हाच अर्थ होता. त्यामुळे इंग्रजी ही लिंगभेदापासून मुक्त भाषा आहे आणि पोर्तुगीज किंवा मराठी तेवढ्या मागासलेल्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. इंग्रजीने लिंग व्याकरणातून काढले, शब्दसंग्रहातून नाही. ‘हार्लट’ हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत भटक्या, लबाड पुरुषाला लावला जाई. पुढे तो स्त्रीकडे सरकला आणि त्याचा अर्थ वेश्या झाला. म्हणजे ‘वादियु’ ते ‘वादिया’ हा प्रवास इंग्रजीनेही केला, फक्त त्याला काही शतके लागली. ‘हसी’ ही शिवी तर ‘हाउसवाइफ’ या शब्दाच्याच जुन्या रूपातून निघाली आहे. म्युरिएल शुल्झ यांनी १९७५ साली एका निबंधात अशा शब्दांची घसरण दाखवून दिली. स्त्रीविषयीचा शब्द निर्दोष अर्थाने सुरू होतो आणि बहुधा लैंगिक शिवीपाशी येऊन थांबतो. त्याच्या जोडीच्या पुरुषवाचक शब्दाच्या वाट्याला हे येत नाही. ‘मास्टर’ आणि ‘मिस्ट्रेस’ हे शब्द आजही शेजारी ठेवून पाहावेत.

एकाच पोर्तुगीज शब्दाचे मोल समुद्र ओलांडताच बदलते, हीसुद्धा गोमंतकीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी बाब आहे. पोर्तुगालमध्ये ‘रापारीगा’ म्हणजे साधी तरुण मुलगी. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत, विशेषतः ईशान्येकडे, तीच शिवी होते. ‘पुता’ म्हणजे वेश्या, परंतु तिचे पुल्लिंगी रूप ‘पुतु’ लिस्बनच्या बोलीत लहान पोराला लाडाने म्हटले जाते. ब्राझीलची लोकसंख्या पोर्तुगालच्या सुमारे वीसपट असल्यामुळे आज हाताशी येणारा पोर्तुगीज मजकूर आणि यंत्राने केलेली भाषांतरे यांवर ब्राझीलची छाप अधिक असते. लिस्बनच्या वळणाने लिहिलेल्या जुन्या पत्रांतील ‘रापारीगा’ एखाद्या नातवाने आज अशा साधनाने उलगडायला घेतली, तर पणजीविषयी भलताच गैरसमज होण्याची सोय आहे.

पुरुषाला द्यावयाच्या पोर्तुगीज शिव्यांत ‘काब्रांव’ अग्रभागी आहे. शब्दशः बोकड, अर्थाने ज्याची बायको परपुरुषाकडे जाते तो नवरा. त्याच्या कपाळी शिंगे उगवतात या कल्पनेवरून ‘कोर्नु’ हा दुसरा शब्द आला. इंग्रजीत यासाठी कोकिळेच्या वर्गातल्या पक्ष्यावरून पडलेला ‘ककोल्ड’ हा शब्द आहे. पण तो रोजच्या भांडणात शोभत नाही, म्हणून भाषांतरकार ‘बास्टर्ड’ लिहून मोकळे होतात. तसे करताना नवऱ्याची शिवी अनौरस मुलाकडे जाते आणि ज्या स्त्रीच्या वागणुकीवरून सगळे रामायण घडले ती पुन्हा बदलते, पत्नीची आई होते. मराठीत या अर्थाचा एक रूढ शब्द सापडत नाही, हे विलक्षण आहे. मराठी पुरुषाचा अपमान करायचा तर त्याला ‘बायकोचा बैल’ म्हणतात, म्हणजे तो बायकोच्या आज्ञेत आहे असे सुचवतात. नाहीतर ‘भाडखाऊ’ म्हणतात, म्हणजे तो बाईच्या भाडीवर, तिच्या शरीरविक्रयाच्या कमाईवर जगतो असे सुचवतात. ‘बायल्या’ म्हणून त्याला थेट स्त्रीच ठरवण्याचा मार्ग तर सर्वांत सोपा. तिन्ही शिव्या पुरुषाला आहेत आणि तिन्हींत कमीपणा स्त्रीचा आहे.

‘काब्रांव’ या शब्दामागे केवळ थट्टा नव्हती. पोर्तुगालच्या १८८६ च्या दंडसंहितेतील ३७२ व्या कलमानुसार पत्नीला व्यभिचार करताना पकडून तिची किंवा तिच्या जाराची तेथल्या तेथे हत्या करणाऱ्या पतीला सहा महिने आपल्या न्यायक्षेत्राबाहेर राहण्याची शिक्षा होती. सहा महिने परगावी राहिले की हिशेब मिटला. पत्नीला अशीच सवलत होती, मात्र पतीने ठेवलेली बाई त्यांच्या राहत्या घरातच असेल तर. हे कलम १९७४ च्या क्रांतीनंतर रद्द झाले. ज्या भाषेत शिंगे उगवलेल्या नवऱ्याला इतकी कायदेशीर मुभा होती, तेथे ‘काब्रांव’ हा शब्द कोणाच्या तरी जिवावर बेतू शकत असे. ‘बास्टर्ड’ या इंग्रजी शब्दात ती धार उतरणे अशक्य आहे.

हाच पेच मराठीवरून इंग्रजीत जाताना कसा हाताळला गेला हे पाहावयाचे तर पुण्या-मुंबईऐवजी हैदराबादकडे वळावे लागते. तेथे १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांचा समावेश झाला आणि २००७ पासून ती इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्याच शहरात १९८५ मध्ये ‘अन्वेषी’ हे स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र सुरू झाले. संस्थेत इंग्रजी शिकवणाऱ्या सूझी थारू आणि अन्वेषीच्या के. ललिता यांनी संपादित केलेला ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ हा दोन खंडांचा संग्रह १९९१ आणि १९९३ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. अकरा भारतीय भाषांतील स्त्रियांचे लेखन त्यात इंग्रजीत आले. मराठीतून त्यात गेलेल्या लेखनात ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या १८८२ च्या निबंधाचा भाग आहे. त्याचा अनुवाद माया पंडित यांनी केला. पुढे त्यांनी हैदराबादच्या याच संस्थेत अध्यापन केले.

ताराबाई बुलढाण्याच्या. वऱ्हाड त्या वेळी इंग्रजांच्या कारभाराखाली असले तरी कागदोपत्री निजामाच्या मालकीचे होते आणि त्याचे सरकारी नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. त्यामुळे हा निबंध एका शतकानंतर हैदराबादच्या वाटेने जगासमोर गेला, हा योगायोग अगदीच निराधार नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी लेखणी उचलली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेले हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले.

निबंधाचा विषयच विधवा असल्यामुळे भाषांतरकारापुढे पहिल्या पानापासून एक शब्द दबा धरून बसलेला असतो. ‘रांड’ हा शब्द संस्कृत ‘रंडा’पासून आला. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत, विधवा आणि वेश्या. शिवाय कोणत्याही स्त्रीला रागाने हाक मारण्यासाठीही तो वापरला जातो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हे अर्थ एकाखाली एक नोंदलेले आहेत. नवरा मेला की ज्या क्षणी स्त्री पहिल्या अर्थाने हा शब्द होई, त्याच क्षणी दुसरा अर्थही तिला चिकटे; वेगळे काही करावे लागत नसे. इंग्रजीत ‘विडो’ आणि ‘होअर’ हे शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. पोर्तुगीजमध्ये ‘वियुवा’ आणि ‘पुता’ यांचीही तशीच अनोळख. म्हणून ‘रांड’ समोर आली की अनुवादकाला दर वेळी दोहोंपैकी एक निवडावे लागते. ‘विडो’ निवडली तर समाजाने मारलेली चपराक पुसली जाते आणि एक दुःखी, सभ्य बाई उरते. ‘होअर’ निवडली तर बिचारी विधवा होती हेच इंग्रजी वाचकाला उमगत नाही. विधवेला वेश्या म्हणणारी भाषा ही ताराबाईंच्या तक्रारीचा पुरावा आहे, आणि इंग्रजीत पुरावाच दोन तुकड्यांत फाटतो.

याच्या पुरुषी बाजूला काय आहे? ‘विधुर’ हा शब्द मराठीत कधी शिवी झाला नाही. हिंदीत ‘रंडुआ’ म्हणजे विधुर. धातू तोच, पण त्याच्यावरून कोणी मारामारीवर येत नाही. आणि खुद्द ‘रंडी’ हा शब्द जुन्या उर्दूत, हैदराबादच्या दख्खनी परिसरातल्या भाषेतही, नुसत्या ‘बाई’ या अर्थाने चालत असे. इंग्रजी ‘हसी’ची कथा येथे दुसऱ्या वेशात भेटते.

ताराबाईंच्या निबंधाचे पुढे दुसरे संपूर्ण इंग्रजी भाषांतर रोझालिंड ओहॅनलन यांनी केले. ते १९९४ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. दोन्ही भाषांतरे शेजारी ठेवून वाचणे हा उत्तम अभ्यास आहे. विद्वानाला टीपा देण्याची मोकळीक असते, संग्रहासाठी अनुवाद करणाऱ्याला वाक्य धावते ठेवावे लागते. ताराबाईंचा आवाज ठसकेबाज, तोंडाळ, बाजारातल्या भांडणाला न लाजणारा आहे. तो इंग्रजीत व्हिक्टोरियन बाईसारखा मऊ झाला तर निबंधच हातातून गेला म्हणायचे. निबंध प्रसिद्ध झाल्यावर ताराबाईंवरच टीकेची झोड उठली आणि जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला उपलब्ध नाही.

लिहिणाऱ्या बाईला उत्तर देताना तिच्या मजकुराऐवजी तिच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची ही रीत तेलुगूतही सापडते, आणि थारू-ललिता यांच्या संग्रहाची प्रस्तावना नेमकी त्याच कथेने सुरू होते. अठराव्या शतकात तंजावरच्या दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेने ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य रचले. तेलुगूतील थोर सुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी ते अश्लील ठरवले आणि कवयित्रीच्या चारित्र्यावरही बोट ठेवले. बेंगळूर नागरत्नम्मा या स्वतः त्याच परंपरेतील गायिका. त्यांनी १९१० मध्ये काव्याची संपूर्ण आवृत्ती काढली आणि विचारले की लज्जा फक्त स्त्रियांनाच असावी लागते काय, कारण याहून उघडे वर्णन पुरुष कवींनी केलेले चालते. इंग्रज सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९४७ उजाडले.

गणिका, तवायफ, देवदासी हे शब्द भाषांतरकाराच्या दृष्टीने उघड शिव्यांहून अवघड आहेत, कारण त्यांत मान आणि अपमान एकत्र नांदतात. गोव्याला याचा अनुभव आहे. ‘बायलादेरा’ या पोर्तुगीज शब्दाचा मूळ अर्थ नर्तकी, नाचणारी स्त्री, इतकाच. पोर्तुगीजांनी तो येथील देवळांशी निगडित कलावंत स्त्रियांना लावला आणि सरकारी कागदांत, पाद्र्यांच्या तक्रारींत तो हळूहळू नैतिक निंदेचा शब्द झाला. फ्रेंचमध्ये त्याचे ‘बायादेर’ झाले, तेथे त्याच्यावरून नृत्यनाट्ये रचली गेली; इंग्रजांनी ‘डान्सिंग गर्ल’ आणि ‘नाच गर्ल’ असे शब्द काढले. कलावंत, भाविणी, देवळी यांच्यातील भेद, त्यांच्या सेवेचे स्वरूप, त्यांची वतने, त्यांचे गाणे, हे सारे एका शब्दात लोटले गेले. ज्या समाजाने पुढे शिक्षण व संघटनेच्या जोरावर स्वतःला नवे नाव दिले आणि हिंदुस्थानी संगीताला थोर गायिका दिल्या, त्याच्या आज्यांची नोंद इंग्रजी ग्रंथांत अजूनही ‘डान्सिंग गर्ल’ अशीच सापडते. ‘बायलादेरा’चे भाषांतर करताना मूळ शब्द देवनागरीत किंवा रोमीत तसाच ठेवून स्थानिक नाव बाजूला देणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हैदराबादेत याचीच समांतर कथा माहलकाबाई चंदा यांची. १७६८ ते १८२४ हा त्यांचा काळ. उर्दूत दीवान असलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, दरबारात मानाचे स्थान, स्वतःची जहागीर, मौला अलीला स्वतः बांधलेल्या वास्तूत चिरविश्रांती. आज इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाच्या आवारात असलेली जुनी बावडी त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांना इंग्रजीत ‘कोर्टिझन’ म्हटले जाते. हा इंग्रजी शब्दही मुळात दरबाराशी संबंधित स्त्री एवढाच होता आणि त्याचे पुल्लिंगी भावंड ‘कोर्टियर’ आजही सन्मानाने दरबारी म्हणून वावरते. भाषांतर एका परीने अचूक आहे म्हणायचे: तोच अन्याय, त्याच प्रमाणात.

माया पंडित यांच्या पुढच्या दोन अनुवादांत शिव्यांचा दुसराच पोत समोर येतो. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ च्या आत्मकथनाचे ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ हे भाषांतर २००८ मध्ये हैदराबादचे मुख्यालय असलेल्या ओरिएंट लाँगमन या प्रकाशनगृहाने काढले. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’ या नावाने त्याच सुमारास इंग्रजीत गेले. फलटणकडचा महारवाडा आणि रत्नागिरीकडचे कोकण यांतील बायकांची बोली या पुस्तकांत आहे, आणि त्या बोलीत शिवी हा केवळ रागाचा उद्गार नसतो. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ हे शब्द बायका उच्चारतात, पुरुष क्वचित. त्यांत मायाही असते, कंटाळाही, धाकही. ‘मेलं लक्षातच राहिलं नाही’ यात तर कोणालाच शिवी नाही. इंग्रजीत ‘डेड वन’ लिहिणे हास्यास्पद होईल आणि ‘डार्लिंग’ लिहिणे त्याहून. येथे शब्दाचे लिंग ऐकणाऱ्याचे नसून बोलणाऱ्याचे आहे, आणि बोलणाऱ्याचे लिंग सांगणारी शिवी इंग्रजीत जवळपास नाहीच.

आणखी एक जात अशा शब्दांची आहे की ज्यांत घाण काहीच नाही. ‘पांढऱ्या पायाची’ हे दोन्ही शब्द अंकलिपीतले आहेत. घरात पाऊल टाकताच सासरा गेला, गाय आटली, पीक बुडाले, की त्या सुनेला हे म्हटले जाई आणि तिचे आयुष्य त्यातून सावरत नसे. इंग्रजीत ‘व्हाइट-फुटेड’ लिहिले तर एखादी गोरी नाजूक परी डोळ्यांसमोर येते. ‘वांझोटी’, ‘आवसेची’, ‘अवदसा’ यांचीही तीच गत. ‘साला’ हा शब्द घ्या. शब्दकोशात तो मेहुणा आहे. शिवीत त्याचा अर्थ ‘तुझी बहीण माझी बायको’ असा अपमानकारक होतो, आणि हैदराबादच्या रिक्षापासून मडगावच्या बाजारापर्यंत तो दिवसातून हजार वेळा निरुपद्रवीपणे फिरतो. पोर्तुगीज ‘कुन्यादु’ किंवा इंग्रजी ‘ब्रदर-इन-लॉ’ या नात्यांच्या शब्दांनी कोणाचाही अपमान होत नाही, कारण बहीण देणारा पक्ष हलका ही समजूत तेथे या नात्याला चिकटलेली नाही. अशा ठिकाणी समानार्थी इंग्रजी शिवी शोधण्याचा हट्ट सोडावा. मूळ शब्द ठेवावा, पुढच्या दोन वाक्यांत प्रसंगच असा उभा राहील असे पाहावे की वाचकाला अर्थ लागेल. कंसातले स्पष्टीकरण हा शेवटचा उपाय. शिवी कंसात समजावली की तिचा वार बोथट होतो, जसे विनोद समजावल्यावर होते.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे ‘त्याने तिला घाणेरड्या शिव्या दिल्या’ असे लिहून शब्दच गाळणे. ललित पुस्तकात ही कचखाऊपणाची खूण ठरते. न्यायालयात ती याहून महागात पडते. गोव्यात तक्रारदार कोकणीत किंवा मराठीत बोलते, कामकाज प्रामुख्याने इंग्रजीत चालते, आणि मधल्या वाटेवर ‘फिल्दी लँग्वेज’ हे दोन शब्द नोंदले जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द ७९ व्या कलमाखाली, शांतताभंगासाठी चिथावणारा हेतुपुरस्सर अपमान ३५२ व्या कलमाखाली आणि सार्वजनिक ठिकाणचे अश्लील शब्द २९६ व्या कलमाखाली येतात. तिन्हींची कसोटी वेगळी आहे. ‘उंडगी’, ‘रांड’ आणि ‘पांढऱ्या पायाची’ यांतला कोणता शब्द कोणत्या कलमात बसतो हे ठरवायचे तर आधी तो शब्द कागदावर असावा लागतो.

शिव्यांचा शब्दशः अर्थ धरावा की नाही, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या प्रकरणात केला. दिल्ली उच्च न्यायालयाने पात्रांच्या तोंडच्या शिव्यांचे शब्दशः अर्थ घेऊन मालिका अश्लील ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही: अशा शब्दांतून राग, वैताग, उत्तेजित मनःस्थिती व्यक्त होते, कामुकता नव्हे, आणि ग्राम्यता म्हणजे अश्लीलता नव्हे. अश्लीलतेपुरता हा निर्णय योग्यच आहे. तथापि शब्दशः अर्थ मेला असे म्हटल्याने त्यातली आई किंवा बहीण शब्दातून बाहेर पडत नाही, आणि तीच शिवी समोर उभ्या असलेल्या स्त्रीला दिली की मेलेला अर्थ तत्काळ जिवंत होतो. भाषांतरकाराला म्हणून प्रत्येक वेळी पाहावे लागते की मित्राने मित्राला म्हटले आहे की दिराने भावजयीला.

त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभेदी साचे टाळण्याविषयी एक हस्तपुस्तिका काढली. तिच्यात कोणते शब्द टाळावेत आणि त्यांच्या जागी कोणते वापरावेत याचा तक्ता आहे. ‘स्पिन्स्टर’ऐवजी अविवाहित स्त्री, ‘प्रॉस्टिट्यूट’ऐवजी लैंगिक श्रमिक, ‘ईव्ह टीझिंग’ऐवजी रस्त्यावरील लैंगिक छळ, आणि ‘करिअर वुमन’ऐवजी नुसते ‘वुमन’. ‘अडल्टरस’ हा शब्दही त्या यादीत आहे. ‘व्यभिचारिणी’ हा त्याचा सरळ मराठी प्रतिशब्द. न्यायाधीश आणि वकील यांनी स्वतः लिहिताना काय टाळावे, यासाठी ही पुस्तिका उपयुक्त आहे. साक्षीदाराच्या तोंडचा शब्द हा मात्र निराळा विषय, कारण तेथे सभ्य प्रतिशब्द घालणे म्हणजे पुरावा धुऊन टाकणे होय. जबाबात शिवी जशी उच्चारली तशी देवनागरीत लिहावी, तिच्याखाली शब्दशः इंग्रजी अर्थ द्यावा, आणि तिसऱ्या ओळीत ती कोणाला, कोणत्या नात्याने, कोणासमोर दिली हे नोंदवावे. तीन ओळींचे काम आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.